जपानला शिकायला गेलात, तेव्हा तुमचा गट कुठे रेंगाळला? (अनुभव धागा)

मी पुण्यात जपानी शिकवते आणि अधूनमधून पंधरा-वीस विद्यार्थ्यांना तिकडे घेऊन जाते. परत आल्यावर सगळ्यांचे फोटो सारखेच असतात: फुशिमी इनारीच्या लाल कमानी, नाराची हरणं, शिबुयाचा चौक. या धाग्यावर ते नकोत. तुमचा गट ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ जिथे थांबला, ती एक जागा लिहा. का थांबला, तेही लिहा.

सुरुवात मी करते. ओकायामाचं कोराकुएन. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, त्यामुळे मुलं 'आपली बाग' म्हणतच आत शिरली. तळं, टेकाड, वळणाच्या वाटा, सगळं ओळखीचं. मग भाताचं छोटंसं खाचर दिसलं आणि जवळच चहाची झुडपं. १७०० साली इकेदा घराण्याने पूर्ण केलेली ही बाग, तिच्यात शेत कशाला? भोरकडचा एक मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. तो खाचराच्या कडेला बसला आणि रोपांमधलं अंतर, पाण्याची उंची, बांध कसा घातलाय, हे बाकीच्यांना समजावू लागला. अर्धा तास गेला. किल्ला बघायचा राहिला, तो मी राहू दिला.

इचलकरंजी, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

आमची नागोयाची भेट मोटारींसाठी होती. टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञानाचं संग्रहालय जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत आहे, आणि निम्मं संग्रहालय मागांचं आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. टोयोटाची सुरुवातच मागापासून झाली. या उद्योगाचे जनक साकिची टोयोदा यांनी १८९० मध्ये लाकडी हातमाग केला आणि १९२४ मध्ये 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग. तो तिथे चालवून दाखवतात.

आवाज ऐकला आणि मी घरी पोहोचलो. आमच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. आमच्या जुन्या मागावर उभा धागा तुटला तर मागाला ते कळत नाही, कामगाराच्या नजरेला कळावं लागतं. तोवर कापड खराब होतं. या मागावर प्रत्येक उभ्या धाग्याला एक पातळ पत्ती लटकलेली असते. दाखवणाऱ्या बाईंनी एक धागा मुद्दाम तोडला. पत्ती खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला. मी त्यांना तीनदा तोडायला लावलं.

याला ते 'जिदोका' म्हणतात. शब्द 'स्वयंचलित' असाच आहे, पण त्यातल्या 'हालचाल' या चिन्हाला त्यांनी माणसाचं चिन्ह जोडलं आहे. आमच्या सरांनी ते वहीत काढून दाखवलं. शंभर वर्षांपूर्वीची ती पत्ती माझ्या वडिलांच्या मागावर का नाही, हा प्रश्न मी बरोबर घेऊन आलो. वडील म्हणाले, खर्च. मी हिशेब मांडतो आहे.

नागपूर, धम्म अभ्यासगटाबरोबर

कोयासान, डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव. ओसाकाहून रेल्वे, मग डोंगर चढणारी केबल कार. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. आम्ही तेवीस जण दीक्षाभूमीच्या गावचे. काही बोलायचं ठरलं होतं, पण कोणाला बोलता आलं नाही. त्रिशरण म्हटलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिलो.

मुक्काम मठात होता. दुसऱ्या दिवशी ध्यानाला बसवलं. समोर एक चित्र, कमळावर एक अक्षर. माझी आई सातवी शिकलेली. ती हळूच म्हणाली, "हा तर अ आहे गं." खरंच 'अ' होता, सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतला. शिंगोन या तिथल्या बौद्ध पंथात याच अक्षरावर ध्यान करतात. मग ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच झाडांखाली फिरताना आई स्मृतिफळ्यांवरची ती अक्षरं शोधत राहिली. दोन लाखांहून जास्त स्मारकं आहेत तिथे. गट पुढे गेला तरी आम्ही दोघी मागेच.

सांगली, शाकाहारी मंडळींसाठी

वरच्या ताईंनी मठाच्या जेवणाबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. भाजीच दिसली तरी रस्सा बहुतेक वेळा 'दाशी'चा असतो, आणि त्यात वाळवलेला मासा. आम्हाला हे चौथ्या दिवशी कळलं आणि आमच्यातल्या एका आजींना फार वाईट वाटलं. आयोजकांनी आधी सांगायला हवं होतं. मठातलं 'शोजिन र्योरी' हे शाकाहारी जेवण मात्र निर्धास्त खावं, त्यात कांदा-लसूणही नसतो. तिळाचं, टोफूसारखं गोमा-दोफू आजींनी दोनदा घेतलं.

ठाणे, पालक

हिरोशिमा. संग्रहालयात एक जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न कोळसा झालेलं. माझी मुलगी नऊ वर्षांची. ती काचेपासून हलेना, आणि त्या रात्री झोपली नाही. लहान मुलांना बागेतल्या सादाकोच्या स्मारकापर्यंतच न्यावं असं माझं मत आहे. सादाको दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला आणि १९५५ मध्ये बारा वर्षांची होऊन ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. मुलामुलींनीच पैसे जमवून उभारलेलं ते स्मारक आहे. सादाकोने आजारपणात घड्या घालून केलेल्या कागदी क्रौंच पक्ष्यांतून मुलांना पुरेसं कळतं.

लातूर, माध्यमिक शाळेत भूगोल

ठाण्याच्या पालकांचं म्हणणं मला पटतं आणि पटत नाहीही. मी बारा वर्षांची असताना भूकंपात आमचं घर पडलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेली माती. त्या मातीखाली आजी आणि धाकटा भाऊ गेले.

आमच्या शिक्षकांच्या गटाला कोबेचं भूकंपाचं संग्रहालय दाखवायला नेलं. तिथला भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे पाच शेहेचाळीसचा. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. तो क्षण पडद्यावर आवाजासकट दाखवतात. मी आत गेले नाही. बाहेर बाकावर बसले, तर तिथे आपली हकीकत सांगायला येणाऱ्यांपैकी एक वयस्क बाई शेजारी येऊन बसल्या. आमच्या दुभाषी मुलीने मधे बसून बोलणं करून दिलं.

त्यांचं घर लाकडी होतं, वर जड कौलं. वादळात उडू नयेत म्हणून कौलं जड, खाली मातीचा थर. मी म्हटलं, आमचं माळवद उन्हासाठी. त्यांनी मान हलवली. दोन्हीकडे वरचं ओझंच अंगावर आलं होतं. मी वर्गात वीस वर्षं भूकंप शिकवते, पण घराचं छप्पर कशासाठी जड होतं हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

गट बाहेर आला, बस थांबली होती, तरी कोणी घाई केली नाही. निघताना बाईंनी विचारलं, आता तुमचं छप्पर कसलं आहे? मी म्हटलं, पत्र्याचं. दुभाषी मुलीला शब्द सुचेना, म्हणून मी फोनमधला घराचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ छप्पर बघत राहिल्या.