व्हिसा संपलेल्या मुलाशी लग्न: आधी सह्या की आधी विमान?

खारघर_सेक्टर१२:
माझी भाची वाशीला नोकरी करते. तिचं एका केनियन मुलाशी जमलंय. पुण्यात शिकायला आला, पदवी झाली, विद्यार्थी व्हिसा संपला आणि तो परत गेलाच नाही. वर्ष उलटून गेलं. घरात त्याच्या रंगावरून जी बोलणी झाली त्यात मी नाही. ताईच्या आजारपणात रात्र-रात्र हॉस्पिटलात तोच बसला होता. माझा आक्षेप क्रमाला आहे. दोघांना ठाण्यात विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची आहे, 30 दिवसांनी सह्या करायच्या आणि मग दाखला दाखवून राहण्याची परवानगी मागायची. लग्नाने व्हिसा आपोआप मिळत नाही. त्याने दंड भरावा, एक्झिट परमिट (देश सोडायची परवानगी) घेऊन घरी जावं. भाचीने नैरोबीला जाऊन आपल्या उच्चायुक्तालयात 1969च्या परदेशी विवाह कायद्याखाली लग्न करावं आणि नवरा म्हणून त्याला एन्ट्री व्हिसावर आणावं.

घोडबंदरकर:
दादा, अजिबात पटलं नाही. एकदा गेला की परत येऊ न देणाऱ्यांच्या काळ्या यादीत नाव पडू शकतं. मग तो नैरोबीत आणि पोरगी इथे, भांडायचं कुणाशी? लग्न इथे झालं तर निदान बायको म्हणून ती उच्च न्यायालयात उभी राहू शकते. घटनेचं कलम 21, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, परदेशी माणसालाही लागू आहे.

कोपरी_वकील:
21 लागू आहे, पण देशात राहण्याचा हक्क कलम 19 मधला, आणि तो फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 1955 सालीच हान्स म्युलर प्रकरणात मान्य केलाय. शिवाय परदेशी लोकांबाबतच्या 2025च्या नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहण्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि विशेष विवाह कायद्यात लग्नाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते.
लग्नाला 2 वर्षं झाली की ओसीआय (परदेशी नागरिकाला भारतात कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड) मागता येतं, 7 वर्षं राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज. पण मुदत संपूनही राहिलेला माणूस नागरिकत्व कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो आणि त्याला ही नागरिकत्वाची नोंदणी मिळत नाही.

नेरूळची_आई:
वकीलसाहेब, कलमं बरोबर असतील. पण त्या पोरीने काय गुन्हा केलाय? ती इथली नागरिक, आणि तिने लग्नासाठी परदेशी जायचं? आमच्या सोसायटीत एका परदेशी जोडप्याला भाड्याने घर दिलं तेव्हा मालकाने सी फॉर्म (परदेशी भाडेकरूची सरकारला द्यायची माहिती) भरला होता, कागद चोख होते, तरी लोक लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत चढत नव्हते. या मुलाकडे तर कागदच नाहीत. तो रोज कसा जगत असेल? त्याला एकटं विमानात बसवून द्यायला माझा जीव धजणार नाही. लग्न आधी करा, मग सगळं घर त्याच्या मागे उभं राहा.

खारघर_सेक्टर१२:
ताई, घर मागे उभं आहेच. पण मूल झालं तर? 3 डिसेंबर 2004 पासून इथे जन्मलेलं मूल जन्माने नागरिक व्हायला एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा त्या दिवशी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. भाचीचं बाळ पनवेलच्या दवाखान्यात जन्मेल आणि बापाच्या संपलेल्या व्हिसामुळे ते भारतीय ठरणार नाही. हे मला सहन होणार नाही.

घोडबंदरकर:
हा मुद्दा मानतो. तरी काळ्या यादीचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

कोपरी_वकील:
त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर) एक्झिट परमिटचा अर्ज त्याने पकडलं जाण्याआधी, स्वतःहून करावा. सोबत उशीर का झाला त्याचं लेखी कारण, पदवीचे कागद आणि दोघांचं नातं दाखवणारे पुरावे जोडावेत. तिकीट त्यानंतर काढा.

नेरूळची_आई:
आणि पोरीचा पासपोर्ट तयार ठेवा. तो गेला की मागोमाग तिनेही जायचं, त्याला एकटं सोडायचं नाही.