ऑक्टोबरअखेर इटलीत दोघंच: नेपल्स, अमाल्फी किनारा, पॉम्पेई, पेस्टम. क्रम बरोबर लावलाय का?

रानजाई:
२१ ऑक्टोबरला दुपारी आम्ही नवरा-बायको नेपल्सला उतरतोय, २ नोव्हेंबरला सकाळी तिथूनच परत. आखणी अशी: पहिल्या चार रात्री नेपल्स (पुरातत्त्व संग्रहालय, हर्क्युलेनियम), दोन सोरेंतो, मग २७ ते ३१ पोझितानो. तिथूनच एक दिवस पेस्टमची देवळं. शेवटच्या दोन रात्री पुन्हा नेपल्स आणि १ नोव्हेंबरला पॉम्पेई, कारण महिन्याचा पहिला रविवार म्हणून प्रवेश फुकट. गाडी भाड्याने घ्यायची नाही. विमानाची तिकिटं झालीत, हॉटेलं अजून नाहीत. कुठे अडेल ते आत्ताच सांगा.

वल्हव_नाखवा:
ठिकाणं छान निवडलीत, क्रम मात्र उलटा करा. किनारा आधी, अवशेष नंतर.

कारण बोटी. सालेर्नो-अमाल्फी-पोझितानो फेऱ्या वसंतात सुरू होतात आणि ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत बंद पडतात. शेवटच्या आठवड्यात त्या आधीच विरळ झालेल्या असतात. त्यात लाटांचा भाग वेगळा. पोझितानोचा धक्का उघड्यावर आहे, तिथे दक्षिणेकडून फुगवटा आला की बोट लागत नाही. वर ऊन लख्ख असतं, माणसं धक्क्यावर उभी राहतात आणि खिडकीवर 'आज रद्द' अशी पाटी लागते. २७ ते ३१ पोझितानो म्हणजे नेमका हाच जुगार.

दुसरं म्हणजे घड्याळ. २५ ऑक्टोबरच्या पहाटे तीनचे दोन होतात. २४ तारखेला सहा वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य २५ ला पाच वाजून गेल्यावर लगेच जातो. किनाऱ्यावरच्या गावांची मजा संध्याकाळच्या उजेडात आहे, तो तास हातचा घालवू नका.

तेव्हा असं करा: विमानतळावरून आलिबसने नापोली चेंत्राले (नेपल्सचं मुख्य रेल्वे स्टेशन), तिथून ट्रेनने सालेर्नो. जलद गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते. सालेर्नोला २१ ते २६. पोझितानोत राहण्यापेक्षा इथे राहणं मला कधीही शहाणपणाचं वाटतं. गाव सपाट आहे, भाडं कमी, आणि स्टेशनपासून पियाझ्झा देल्ला कोन्कोर्दियाचा धक्का पाच मिनिटांवर. तिथून बोट अमाल्फीला साधारण ३५ मिनिटांत, पुढे पोझितानोला आणखी २५. तिकीट काढताना धक्क्याचं नाव वाचा, कारण सालेर्नोचा दुसरा धक्का, मोलो मान्फ्रेदी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

बोट रद्द झाली तर 'सीता' (SITA) कंपनीची बस. तिचे नियम लक्षात ठेवा:
- तिकीट आधी 'ताबाक्की'तून, म्हणजे 'टी' अक्षराची पाटी असलेल्या दुकानातून घ्या आणि बसमध्ये चढताच यंत्रात छापून घ्या. दोनपेक्षा जास्त टप्पे होणार असतील तर साधारण १० युरोचा चोवीस तासांचा पास परवडतो.
- बस भरली की मधल्या थांब्यावर थांबत नाही, सरळ पुढे जाते. म्हणून शक्यतो सुरुवातीच्या थांब्यावरूनच चढा: सालेर्नोला विया विन्चिप्रोवा, अमाल्फीला धक्क्यासमोरचा पियाझ्झा फ्लावियो जोया.
- सालेर्नोहून निघालात तर समुद्र डावीकडे, सोरेंतोहून निघालात तर उजवीकडे. वळणं लागतात त्यांनी पुढे बसावं आणि गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, पहिल्या वळणावर नव्हे.

सालेर्नो ते अमाल्फी बसला सव्वा तास धरा. अमाल्फीत बस बदलून रावेल्लोला जा, अर्ध्या तासाच्या आत पोचता. ढगाळ दिवसासाठी रावेल्लो राखून ठेवा. व्हिला रूफोलोच्या गच्चीवरून खाली चर्चचे दोन छोटे घुमट आणि त्यांच्यावर छत्रीसारखा पसरलेला पाइन दिसतो, त्याला उन्हाची गरज नाही.

सोरेंतो वगळा. दोन रात्रींसाठी सामान उचलून काहीच वेगळं मिळत नाही.

जोत्याचा_दगड:
वरचा क्रम बरोबर. अवशेषांचं सांगतो.

१ नोव्हेंबरला पॉम्पेई नको. फुकटचा रविवार आहेच, शिवाय त्याच दिवशी सर्व संतांचा सण, म्हणजे देशभर सुट्टी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, ते ओळखपत्राशी जुळावं लागतं. हिवाळी वेळापत्रकात आवार पाचला बंद, शेवटचा प्रवेश साडेतीनला. दोघांचे मिळून चाळीसेक युरो वाचवायला अख्खा दिवस रांगेत घालू नका. बुधवार २८ किंवा गुरुवार २९, सकाळी नऊ.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनाखालून चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल गाडी पकडा. गाडी सोरेंतोची हवी आणि उतरायचं पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी इथे. नुसतं 'पॉम्पेई' नावाचं स्टेशन पोज्जोमारिनोच्या फाट्यावर आहे, ते आजच्या गावात उतरवतं. निम्मी माणसं इथेच चुकतात. गाडीत गर्दी असते, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. पिशवी ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर आत नेता येत नाही, सामानघरात ठेवावी लागते.

पोर्ता मारीना या वेशीतून शिरलात की लोंढा फोरमवर, म्हणजे जुन्या मुख्य चौकात, थांबतो. तुम्ही थांबू नका, सरळ उत्तरेला व्हेत्ती बंधूंच्या घराकडे चला. २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि दहानंतर तिथे दाराबाहेर रांग लागते. मग फॉनचं घर, तिथून विया देल्ल' अब्बोन्दान्झाने पूर्वेला अँफिथिएटरपर्यंत. फोरम दुपारी, गट जेवायला गेले की. सगळ्यात शेवटी मिस्तेरी व्हिला. ती वेशीबाहेर आहे, वेगळ्या, थोड्या महाग तिकिटात येते, आणि तिथून स्टेशन जवळ. सगळी घरं रोज उघडी नसतात, तेव्हा एखादं बंद दिसलं तर त्याच्यासाठी दिवस बदलू नका.

रस्ते लाव्हाच्या काळ्या फरशीचे आहेत, दोन हजार वर्षं घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात. सपाट तळव्याचे फॅशनेबल बूट नकोत, खाचांचे हवेत. खाली बघतच चाला, फायदा आहे: दोन फरश्यांच्या फटीत नखाएवढे पांढरे खडे बसवलेले दिसतील. चांदण्यात तेच रस्ता दाखवायचे. चाकोऱ्यांमध्ये उभे उंच दगड दिसतात ते पाय न भिजवता रस्ता ओलांडायला, आणि त्यांच्या मधल्या फटीतून गाडीची चाकं जायची.

तुमची वेळही मजेशीर आहे. ही गावं गाडणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट इ.स. ७९ च्या २४ ऑगस्टचा असं पूर्वापार सांगितलं जायचं. २०१८ मध्ये एका घरात भिंतीवर कोळशाने लिहिलेली नोंद मिळाली, तिची तारीख १७ ऑक्टोबर भरते. कोळसा फार दिवस टिकत नाही, म्हणून आता बहुतेकांचा कल शरदाकडे आहे.

हर्क्युलेनियम वेगळ्या दिवशी करा. एर्कोलानो स्कावी स्टेशन, तिथून सरळ उतार, दहा मिनिटं. अडीच-तीन तासांत होतं. पॉम्पेईवर राख आणि सच्छिद्र खडे पडले, छपरं कोसळली. इथे तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले आणि गाव वीसेक मीटर खाली गाडलं गेलं, म्हणून लाकूड जळून नाहीसं न होता कोळसा होऊन राहिलं. एका घरात घडीची लाकडी दारं जागेवर उभी आहेत, दुकानात मद्याच्या रांजणांची मांडणी आहे. जुन्या किनाऱ्यावरच्या नौकाघरांत तीनशेच्या आसपास सांगाडे मिळाले, तो किनारा २०२४ पासून चालत बघता येतो. पावसाचा दिवस निघाला तर तो इथे खर्च करा, डोक्यावर छप्पर असलेल्या खोल्या इथे जास्त.

नेपल्सचं संग्रहालय पॉम्पेईच्या नंतर. चांगली भित्तिचित्रं आणि मोझेक तिकडे नेलेत. फॉनच्या घरात जमिनीवर आहे ती अलेक्झांडरच्या मोझेकची नक्कल. घर आधी पाहिलं असेल तर संग्रहालयात ते चित्र कुठल्या खोलीतलं हे कळतं. मंगळवारी बंद, म्हणजे २७ बाद.

पेस्टम सालेर्नोहूनच करा, पोझितानोहून तो दिवस बसमध्येच जाईल. प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. गाड्या कमी आहेत, उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघून ठेवा. तीन देवळं आहेत, तिन्हींचे खांब मोजा. सगळ्यात जुनं, साधारण इ.स.पू. ५५० चं, त्याच्या समोर ९ खांब, बाजूला १८. विषम संख्येमुळे ऐन मध्यावर खांब येतो, आणि ते खांब पोटात चांगलेच फुगलेले. शेजारचं, शंभरेक वर्षांनी नवीन, ६ × १४. इथे दार मोकळं झालंय, फुगवटा आवरलाय. संग्रहालयात 'सूर मारणाऱ्याची कबर' चुकवू नका, १९६८ मध्ये सापडलेली.

रानजाई:
क्रम बदलला. दोन गोष्टी राहिल्या. ह्यांच्या गुडघ्याला जिने झेपत नाहीत. आणि आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. पिझ्झा-पास्ता आहेच म्हणून निश्चिंत होतो, पण आता शंका येतेय.

ताटवाटी:
शंका रास्त आहे, चोरवाटा बऱ्याच.

अंडं: सुका पास्ता (त्याचं गाव ग्रान्यानो जवळच) नुसत्या गव्हाचा आणि पाण्याचा, चालतो. 'फ्रेस्का' म्हणजे ताजा असेल तर विचारा. न्योक्कीतही काही ठिकाणी अंडं असतं आणि वांग्याच्या पार्मिज्यानात काप अंड्यात बुडवून तळतात.

मासा आणि मांस: मारिनारा पिझ्झा नावाला समुद्राचा, प्रत्यक्षात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. बिनधास्त मागवा. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही हा छोटा मासा असू शकतो. चेतारा गावात 'कोलातुरा' नावाचं अँचोव्हीचं पाणी भाजीवरही शिंपडतात. 'मांस नको' म्हटलं की हॅमचे तुकडे त्यात धरतीलच असं नाही, तेव्हा तीन शब्द पाठ करा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा. सूप किंवा डाळ असेल तर 'ब्रोदो', म्हणजे उकळून काढलेलं पाणी, कशाचा तेही विचारा.

चरबी: हे कुणी सांगत नाही. पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत लाटतात. मिरपुडीचे खारे ताराल्लीही तसेच. चीजमध्ये पार्मिज्यानोला आणि म्हशीच्या मोझारेल्लाला वासराच्या जठरातलं विरजण लागतं, तिथे कुठवर जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातच्या पुढे. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा पॉम्पेईहून चारला बाहेर पडून 'आता निवांत जेवू' हे जमत नाही. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो माणशी टेबलाचा आकार, फसवणूक नाही.

वल्हव_नाखवा:
गुडघ्याचं: पोझितानो दिवसाच्या फेरीत धक्का, किनारा आणि चर्च एवढंच. बस पकडायची तर वर स्पोंदाच्या थांब्यापर्यंत चढ आहे, म्हणून जाता-येता दोन्ही वेळा बोट. अमाल्फीत कॅथीड्रलला ६२ पायऱ्या, पण चौक आणि गावाचा मुख्य रस्ता सोपा. 'देवांची पायवाट' ही डोंगरातली वाट सोडा; चालणं जमेल एक वेळ, पण नोचेल्लेहून खाली रस्त्यापर्यंत दीड हजाराहून जास्त पायऱ्या उतरायच्या असतात, आणि गुडघा चढण्यापेक्षा उतरताना जास्त बोलतो.

जोत्याचा_दगड:
पॉम्पेईत मग माझा मार्ग नको. पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दाराने शिरा. तिथून 'पॉम्पेई सर्वांसाठी' ही तीनेक किलोमीटरची वाट फोरमपर्यंत जाते, उंच दगड टाळून आणि उतार करून बांधलेली. फक्त स्कावी स्टेशनपासून हे दार लांब आहे, त्या दिवशी टॅक्सी करा. हर्क्युलेनियमचा उतार परतीला चढ होतो हेही धरा.

फलाट_चार:
एकच भर. संपाला 'शोपेरो' म्हणतात, तारखा आधी जाहीर होतात, निघायच्या आठवड्यात बघा. संप असला तरी कामाच्या दिवशी त्रेनितालिया या राष्ट्रीय रेल्वेच्या ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ धावतात, पेस्टमचा दिवस त्यात बसवता येतो. चिर्कुमवेझुव्हियानाच्या वेळा वेगळ्या असतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, मोबाइलवरचं असेल तर चढायच्या आधी 'चेक-इन' दाबा. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो.

१ नोव्हेंबर रिकामा राहिला ना? मेट्रोच्या २ नंबर लाइनने पोझ्झुओली. जुन्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब कुंपणाबाहेरूनच दिसतात, पायऱ्या नाहीत. खांबांच्या मध्यावर भोकांचा एक पट्टा आहे. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली आहेत. जमीन तेवढी खाली गेली होती आणि पुन्हा वर आली. अजूनही हलते, म्हणून जायच्या दिवशी सकाळी भूकंपाची बातमी बघून निघा.