मदत हवी आहे: क्वालिटीतून डेटा ॲनालिसिसकडे, राजीनाम्याआधी तयारी काय करावी?

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, सेवा 4 वर्षे 2 महिने. काम अजून नकोसं झालेलं नाही, म्हणूनच आत्ता शांत डोक्याने ठरवायचं आहे. एसक्यूएल, पॉवर बीआय ही डेटा काढायची-मांडायची साधनं शिकून झाली. रिजेक्शनचा (नाकारलेल्या भागांचा) डॅशबोर्डही केला, पण कंपनीचा डेटा बाहेर दाखवता येत नाही. अंतर्गत बदली मागितली, जागा नाही.

नोटीस 90 दिवसांची. घराचा हप्ता चालू, त्यामुळे फ्रेशरचा पगार परवडणार नाही. ग्रॅच्युइटीसाठी 5 वर्षं पूर्ण करणार; पीएफ काढणार नाही, नव्या नोकरीत वळवून घेईन.

या दहा महिन्यांत सार्वजनिक डेटावर प्रोजेक्ट करावेत, की एसपीसी (आकडेवारीने उत्पादन प्रक्रिया नियंत्रणात ठेवायची पद्धत) आणि मिनीटॅब या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या जोरावर उत्पादन क्षेत्रातल्याच ॲनालिस्टच्या जागा शोधाव्यात? मुलाखत घेणारे यातलं नेमकं काय बघतात?