मदत हवी आहे : आयसीयूतल्या सिस्टरने नातेवाइकांना काय सांगावं?

नमस्कार मंडळी. वाशीत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. व्हेंटिलेटरवरचे आजोबा, बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन वाढवत नेलंय, बोटं काळी पडलीत. रात्री दोनला सून येते, उशीखाली अंगाऱ्याची पुडी सरकवते आणि विचारते, "ताई, खरं सांगा, तुमचे वडील असते तर?" डॉक्टरांनी दुपारीच सांगितलेलं असतं, पण घाईत आणि अर्धं इंग्रजीत. अशा वेळी मी काय बोलावं?

आम्हा सिस्टरांतही एकमत नाही. काही जणी म्हणतात, शेवटपर्यंत करत राहायचं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागना चार दशकं सांभाळलंच ना! (ती गोष्ट वेगळी, त्या काही इतकी वर्षं व्हेंटिलेटरवर नव्हत्या.) मला उपचार थांबवण्यापेक्षा, कोणाशी धड न बोलता ते रेटत राहणं जास्त खुपतं.

२०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता मिळाली, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. उपचार काढायचे तर दोन मेडिकल बोर्डांची संमती. हे वाचलंय, पण वॉर्डात कोणी बोलत नाही.

तुमच्याकडे फॅमिली मीटिंगला सिस्टरला बसवतात का? असं बोलणं मराठीतून शिकवणारं प्रशिक्षण ठाणे-नवी मुंबईत कुठे आहे का? आणि लिव्हिंग विलची प्रत कोणी महापालिकेत दिली असेल, तर कुठल्या विभागात? आईचं करायचंय, तीच मागे लागलीय.