पंचगंगेतल्या मत्स्यकन्येला म्हणायचं काय?

विचारणा
कोल्हापुरात घडणारी, तरुण वाचकांसाठीची फॅन्टसी आहे. कॉलेजात शिकणारी शहरातली एक मुलगी आणि तिच्याच वयाची पंचगंगेतली एक मत्स्यकन्या यांची प्रेमकथा. कमरेखाली मासा असलेल्या या अख्ख्या जमातीला मराठीत काय म्हणावं? दोघींच्या नात्याला कोणता शब्द शोभेल? आणि दोन्ही नायिका 'ती' असल्यावर वाक्यांचा गोंधळ कसा टाळायचा?

उत्तर
'मत्स्यकन्या' एकीपुरता चालतो, जमातीला नाही. कन्या म्हटलं की अविवाहित मुलगी डोळ्यांपुढे येते. तिच्या आजीला काय म्हणणार, आणि भावाला? 'जलपरी'तली परी फारसीतून आलेली, पंखांची. शिवाय वर्तमानपत्रांनी हा शब्द पोहणाऱ्या मुलींना केव्हाच देऊन टाकलाय. मथळ्यात जलपरी दिसली की आधी पदक आठवतं.

'पाणमाणूस' घ्या. पाणकोंबडी, पाणमांजर, पाणघोडा यांच्या रांगेत तो सहज बसतो. एकवचन पुल्लिंगी असलं तरी अनेकवचन 'पाणमाणसं' नपुंसकलिंगी होतं. त्यामुळे 'पाणमाणसं डोहातून वर आली' यात बाया, पुरुष आणि या दोन्हींत न बसणारेही येतात. एकीसाठी 'पाणपोरगी'. संस्कृत वळणाचं हवं असेल तर 'मत्स्यजन' आहे, पण घाटावरच्या संवादात तो जड होईल.

'सागरकन्या' मात्र टाळा. पंचगंगा कोकणाकडे जात नाही. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातं. त्यामुळे मालवणच्या समुद्रातून पोहत कोल्हापूर गाठणारी नायिका नकाशावरच अडकते. नदीची पोरगी असेल तर तिच्या तोंडी भरती-ओहोटीही नको. नदीला पाणी चढतं, ओसरतं, पात्राबाहेर पडतं.

पुरवणी
नदीचंच चाललंय तर बंधारे विसरू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या मधे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढतात आणि पाऊस सरला की पुन्हा घालतात. म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगानं येणाऱ्या पाणपोरगीला वाट पावसाळ्यातच मोकळी. पण तेव्हाच पाणी सर्वांत धोक्याचं असतं, त्या बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी. 'बरगे घातले' एवढ्या दोन शब्दांत ताटातूट सांगता येईल. 'बरगे' बदलून 'दरवाजे' केलंत तर गोष्ट कोल्हापुरातून उठून राधानगरीला जाईल. स्वयंचलित दरवाजे तिथल्या धरणाला आहेत.

शरीराचे शब्द: कल्ले, खवले, पर. 'पंख' नको, जलपरीतले पंख पुन्हा डोकावतील. आणि शेपटी कशी आहे ते आधी ठरवा. माशाची शेपटी उभी असते, ती डावी-उजवीकडे वळते. डॉल्फिनची आडवी, ती वर-खाली हलते. खवले असतील तर ती मासाच, मग तिनं शेपटी वर-खाली आपटत पोहणं खटकेल.

दुसरं मत
'आसरा' शब्द वापरावासा वाटेल, कारण साती आसरा याच मातीतल्या जलदेवता आहेत. मत्स्यी, कूर्मी, मकरी अशी नावंही सांगितली जातात. तरी जपून. विहिरीवर, नदीकाठी त्यांची आजही पूजा होते आणि त्या धरतात, ओढतात अशी धास्तीही आहे. नायिकेच्या आजीनं पाणपोरगीला 'आसरा' समजून घाबरणं अगदी खरं वाटेल. निवेदकानं मात्र तिला आसरा म्हणू नये.

'किन्नर' तर नकोच. संस्कृतात तो अर्धा घोडा, अर्धा माणूस असा गाणारा देवगण. आज हिंदीच्या प्रभावानं तो तृतीयपंथी व्यक्तींसाठी वापरला जातो. बाईवर प्रेम करणारी बाई यातल्या कुठल्याच अर्थात बसत नाही.

नात्यासाठी: मुखपृष्ठावर 'क्वीअर' खुशाल लिहा, वाचकांना कळतो. 'समलिंगी' स्पष्ट आहे, पण संवादात फॉर्मवरच्या रकान्यासारखा वाजतो. 'प्रेयसी' पुस्तकी. 'मैत्रीण' सगळ्यांत उपयोगी, कारण घरच्यांसमोर तो झाकतो आणि दोघींना मात्र खरा अर्थ कळतो. 'जोडीदार' शेवटाकडे, नातं उघड झाल्यावर.

उत्तर (वाक्यांबद्दल)
'तिनं तिचा हात धरला' यात कोणाचा हात, कळत नाही. मराठीत यावर उपाय तयार आहे: ही आणि ती. काठावरची 'ही', पाण्यातली 'ती'. 'हिनं तिचा हात धरला.' एका प्रसंगात ही वाटणी बदलायची नाही. दृष्टिकोन पाणपोरगीकडे गेला की प्रकरणच नवं सुरू करा, नाहीतर वाचक दोन पानं मागं जाईल. कर्त्याचंच काही असेल तर 'आपला': 'तिनं आपले केस पिळले.'

आता खास कोल्हापूरचं. इकडे कितीतरी बायका, मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. समोरचीला मात्र 'आलीस', 'जातेस' असंच. प्रथमपुरुषी निवेदन असेल तर ही बोली सोडू नका. प्रमाण मराठीत 'आले' म्हणताच निवेदिकेचं लिंग ठरतं, इथं ते मोकळं राहतं. धोका एवढाच की विदर्भातला वाचक 'मी आलो' वाचून नायिकेला मुलगा समजेल आणि क्वीअर प्रेमकथा त्याच्यापुरती नेहमीची होऊन बसेल. म्हणून तिच्या पहिल्या 'मी'च्या आधी कुणीतरी तिला हाक मारू दे: 'कुठं चाललीस गं?' मग 'मी नदीवर जातो' बिनधास्त येऊ द्या.

विचारणारीचा उपप्रश्न
आणि पाणपोरगी कसं बोलेल?

उत्तर
ती मराठी कोणाकडून शिकली त्यावर. हिच्याकडूनच शिकली असेल तर 'मी आलो'च म्हणेल. सुरुवातीला तिला बिनलिंगी वाक्यं द्या, मराठीत ती भरपूर आहेत: 'मला भीती वाटते', 'मी तुला पाहिलं', 'मी येईन'. 'पाहिलं' कर्त्याकडे बघत नाही आणि भविष्यकाळात लिंग नाही. पहिल्या भेटींत तिची भाषा एवढीच ठेवा. पहिल्यांदा 'मी आलो' म्हणेल ते बरगे काढल्यानंतरच्या भेटीत, आणि ते हिच्याच सुरात.