पाच आठवड्यांचं पिल्लू, लस झाली नाही, आणि मागच्या पोळ्याला याच आंगणात एक मेलं. काय करू?

पऱ्हाटीवाला

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातलं खेडं आहे आमचं, आर्वी इथून १८ किलोमीटर. परवा सकाळी वावरात जाताना डांबरी रस्त्याच्या कडेला एक कुत्री गाडीखाली येऊन मरून पडलेली दिसली आणि तिच्या पोटाशी एक पिल्लू चिकटून बसलेलं, अजून दूध शोधून राहिलं होतं बिचारं. बाकीचे असतील म्हणून आजूबाजूच्या पऱ्हाटीत धुंडलं पण एकही सापडलं नाही. थंडी तर तुम्हाला माहीतच आहे सध्या कशी पडून राहिली, म्हणून दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. दोन ओंजळीत मावते, पांढरंफेक आहे, पोरांनी नाव ठेवलं बोंड्या.

आता खरी भीती सांगतो. मागच्या पोळ्याच्या आसपास आमच्याकडं असंच एक पिल्लू होतं, ते तीन दिवसांत गेलं. आधी उलट्या, मग रक्ताची संडास, आणि त्याचा वास असा की अजून नाकातून जात नाही. ते ज्या आंगणात पडलं होतं त्याच आंगणात आता हे खेळून राहिलं. फिनाईल टाकून दोनदा धुतलं तेव्हा, सारवलं पण.

सल्ले देणारे तर घराघरात आहेत. आजी म्हणते गायीचं दूध पाज. शेजारचे काका म्हणतात शेपटीचा शेंडा तोड म्हणजे तिखट निघते (हे मी करणार नाही, तेवढं कळते). मेडिकलवाला म्हणे आत्ताच एक सुई मारून टाक, काही होत नाही. पिल्लाचं पोट ढोलकं झालं आहे आणि कानात दोन गोचीड दिसले. लस कधी, तोवर कसं जपायचं, आणि या आंगणाचं काय, तेवढं सांगा.

अकोटची_काकू

अरे भाऊ, त्या मायबिगर लेकराले उचलून आणलं हे लय चांगलं केलं. पयले त्याले ऊब दे, बाकी सारं मंग. एका खोक्यात जुनी वाकय टाक, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडायून एका कोपऱ्यात ठेव, साऱ्या खोक्यात नाही, त्याले गरम झालं तं सरकाले जागा पाह्यजे. इस्तोजवय ठेवू नको, आमच्या एकाचे मिश्या जयल्या होत्या तशा. रात्री रडते, त्याले माय आठवते, खोकं आपल्या खाटेजवय ठेवलं की चूप बसते. दूध मनशीन तं गायीचं दूध अर्धं पाणी टाकून दे, माह्या हातून आठ-दहा पिल्लं मोठे झाले याच्यावरच. आन् त्या शेपटीवाल्या काकाले मनावं आपलंच काहीतरी तोडून पाह्य, तिखट होते का.

सेमिनरी_हिल्सची_पोर

काकू शेवटचं वाक्य वाचून मेसमध्ये एकटी हसली मी 😄 पण दुधाचं जरा वेगळं सांगते, रागावू नका. मी नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर झाले नाही, त्यामुळे हे औषध लिहून देणं समजू नका.

कुत्रीचं दूध गायीच्या दुधापेक्षा जवळपास दुप्पट घट्ट असते, फॅट पण आणि प्रोटीन पण. उलट गायीच्या दुधात लॅक्टोज जास्त, ते कित्येक पिल्लांना झेपत नाही आणि पातळ संडास लागते. त्यात अर्धं पाणी घातलं म्हणजे पोट भरल्यासारखं होते पण अंगी काही लागत नाही. काकूंचे आठ-दहा जगले हे खरंच असेल, पण जे नाही जगले ते आपण मोजत नाही ना.

दादा, आधी तोंड उघडून बघा. पुढचे बारीक दात, सुळे आणि मागे एखाददुसरी दाढ आली असेल तर पाच आठवड्यांच्या आसपास आहे आणि मग बाटलीची गरजच नाही, चाटून खाईल. आर्वीला पपी स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) मिळालं तर कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा. नाही मिळालं तर मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, नाहीतर बिनहाडाचं उकडलेलं चिकन एकदम बारीक करून, मीठ मसाला काही नाही. नुसती भाकर-दूध नको, त्यात प्रोटीन कमी पडते. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. घरच्या भाजीचा रस्सा अजिबात नको कारण कांदा, कांद्या-लसणानं कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, चॉकलेट पण नाही, पोरांना बजावून ठेवा. आणि अजून दातच नसतील तर पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा, पाजताना त्याला पोटावर ठेवा, लेकरासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जाते.

एक लक्षात ठेवा, इतकं छोटं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी साखर उतरून लुळं पडू शकते. तसं झालं तर ऊब द्या, हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी बोटानं चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात.

जुना_दवाखाना

पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, यवतमाळ जिल्ह्यात, आता रिटायर आहे. भाऊ तुमच्या प्रश्नातली महत्त्वाची गोष्ट दूध नाही, आंगण आहे.

तुम्ही जे सांगून राहिले ते पार्व्होसारखं दिसते, म्हणजे पिल्लांना होणारा उलटी-रक्ताच्या संडासचा रोग. तपासणी झाली नव्हती म्हणून पक्कं कोणी सांगू शकत नाही, पण तसंच धरून चाला. हा व्हायरस लय चिवट, सावलीच्या ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकते, वर्षभर पण राहू शकते. फिनाईलनं मरत नाही. पोळ्यापासून आता संक्रांत म्हणजे जेमतेम पाच महिने झाले. सारवण्यानं तर काहीच होत नाही, वरून एक थर दिला एवढंच. फरशी, सिमेंट असेल तर आधी घासून साफ धुवा, मग कपडे पांढरे करायचं जे पातळ ब्लीच मिळते ते १ भाग आणि पाणी ३० भाग करून १० मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं धुऊन वाळू द्या. पिल्लू तोवर दुसरीकडं. फिनाईल किंवा ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी धूर होते. मातीवर आणि शेणावर ब्लीच काम करत नाही, त्यामुळं मातीचं आंगण शुद्ध करायच्या नादी लागूच नका, पिल्लूच तिथं उतरवू नका. जुन्या पिल्लाचं ताट, दोरी, गोणपाट काही राहिलं असेल तर जाळून टाका.

स्लॅब आहे का घरावर? तिथं गावातले कुत्रे चढत नाहीत, त्याहून चांगली जागा नाही. दुपारी उन्हात तिथं खेळू द्या, पाण्याच्या टाकीजवळ नको. नाहीतर ओसरी, दाराला आडवी फळी लावून. वावरातून आले की चपला बाहेर, आणि हात धुतल्याबिगर पिल्लाला हात नाही. पार्व्हो कुत्र्याच्या अंगावरूनच येते असं नाही, आपल्या चपलेला लागून पण येते. उकिरड्यावर तर नेऊच नका.

आता मेडिकलवाल्याची सुई. मायचा पहिला चीक पिलेलं पिल्लू असेल तर मायची ताकद त्याच्या रक्तात काही आठवडे राहते आणि तीच लसीला मारते. लस टोचली, पण लागली नाही, असं होते. मग ही ताकद हळूहळू उतरते. मधात एक काळ असा येते की रोग अडवायला ती कमी पडते पण लस अडवायला पुरून उरते. जास्त पिल्लं याच फटीत जातात, आणि घरचे म्हणतात सुई देऊन पण मेलं. ही ताकद कोणत्या पिल्लात कधी उतरते ते बाहेरून दिसत नाही म्हणून डोस पुन्हा पुन्हा देतात, पहिला ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा १६ आठवड्यांचं झाल्यावर. हा शेवटचाच लोक चुकवतात. रेबीजची सुई तीन महिन्यांची, मग डॉक्टर सांगतील तशी.

लस थंडीत राहिली पाहिजे, २ ते ८ डिग्री. सरकारी दवाखान्यात कुत्र्याची ही लस बहुतेक नसते, बाहेरून आणावी लागते. दुकानदाराला विचारा फ्रिज कुठला, लाईट गेल्यावर काय करता. थर्मासमध्ये बर्फ टाकून आणा, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका, कागदात गुंडाळा, गोठली तरी वाया. खिशात टाकून मोटरसायकलवर आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं.

पोट ढोलकं म्हणजे जंत, नव्वद टक्के. मायच्या पोटातूनच आणि दुधातूनच येतात. वजन करून औषध द्यायचं, अंदाजानं नाही, किराणा दुकानातल्या काट्यावर टोपल्यात ठेवून वजन होते. दोन आठवड्यांच्या अंतरानं ८ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा. संडास लगेच उचलून खोल पुरा, ते जंत लेकरांना पण होतात.

तुरीच्या_शेंगा

जुन्या दवाखान्यानं म्हटलेल्या फटीतलाच मी. पहिली सुई झाली आणि मला वाटलं झालं आता, पोराच्या हट्टानं पिल्लाला आठवडी बाजारात घेऊन गेलो, मटणाच्या दुकानामागं खाली सोडलं असेल पाच मिनिटं. पाचव्या दिवशी खाणं सोडलं, संध्याकाळी फेसाची उलटी. मी म्हटलं सकाळी पाहू. सकाळी उठून उभं राहता येईना त्याला. नंतर कळलं की यावर व्हायरस मारणारी साधी गोळी नसते, सलाईन लावून, उलटी थांबवून अंगातलं पाणी टिकवणं हाच इलाज, आणि तो जितका लवकर तितकं बरं. ती एक रात्र मी झोपलो. लस जिथून घेतली त्यानं बिनबर्फाची पन्नीत दिली होती हे पण खरं, पण बाजारात मीच नेलं होतं.

अकोटची_काकू

बाप्पा. वाचून जीव कयवयला. दुधाचं माह्यं मागं घेते पोरी, अंड्याचं ध्यानात ठेवीन. अजून एक, गोचिडासाठी ढोराले लावाचं औषध लावशीन तं पिल्लू जाईन. आमच्या शेजारी लावलं होतं, थरथर कापून दोन तासात संपलं. रॉकेल, जुनं ऑइल, फवारणीचं काही, कायीच नाही. चिमट्यानं धरून सरका उपसाचा, चेंदाचा नाही.

पऱ्हाटीवाला

सगळ्यांचे आभार. काल दुपारी आर्वीला नेऊन आणलं, खोक्यात बसवून, खाली कुठंच ठेवलं नाही, दवाखान्यात पण मांडीवरच. दात पाहून डॉक्टर म्हणाले पाच आठवडे. वजन १ किलो ३०० ग्रॅम. जंताचं औषध दिलं आणि आज सकाळी जे पडलं ते शेवयांसारखं, मोठ्या पोरीनं पाहिलं आणि आता ती शेवया खाणार नाही म्हणते. पहिली लस पुढच्या शुक्रवारी. अंडं-भात चाटून पुसून खाते. राहायला स्लॅबवर जुन्या कडब्याच्या खोलीत केलं आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एक, असं कोंडून ठेवलं तर भित्रं नाही होणार का? दुसरं, लहान पोराच्या बोटाला खेळता खेळता पिल्लाचा दात लागला, थोडं रक्त आलं, हळद लावली. पिल्लूच आहे, चालते ना?

सेमिनरी_हिल्सची_पोर

दादा दुसरं आधी, आणि आजच. चालत नाही. पिल्लालाही रेबीज असू शकतो आणि या पिल्लाची माय कोण, तिला काय होतं, आपल्याला माहीत नाही. जखम आत्ता नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, हळद काढून टाका, वर काही बांधू नका. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, तिथं रेबीजची लस फुकट असते. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात देतात, आज मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा कारण मग जखमेत सीरम (रेबीज अडवणारी तयार ताकद) पण द्यावं लागते, ते तिथं नसेल तर पुढं पाठवतील, जा. उद्यावर टाकू नका.

पहिलं: तीन ते साधारण बारा-चौदा आठवडे हे पिल्लू जग ओळखायचं वय, म्हणून कोंडून पण नका ठेवू. कडेवर घेऊन फिरा. ट्रॅक्टर, थ्रेशर, बैलांच्या घुंगरा, म्हातारे, टोपीवाले, सगळं दाखवा. फक्त पाय जमिनीला लागले नाही पाहिजेत आणि अनोळखी कुत्र्यानं हुंगलं नाही पाहिजे.

जुना_दवाखाना

बरोबर सांगितलं पोरीनं. भाऊ, रात्री-बेरात्री उलटी-जुलाब सुरू झाले, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा एका दिवसात दोनदा ताटाकडं पाठ केली तर १९६२ वर फोन लावून ठेवा, जनावरांच्या फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर आहे. पण रात्री गाडी येईलच म्हणून वाट पाहत बसू नका, दुसऱ्याची जीप आधीच बोलून ठेवा. माणसाची तापाची किंवा जुलाबाची गोळी घरच्या घरी देऊ नका.

पऱ्हाटीवाला

काल संध्याकाळीच नेलं. केंद्रात लस मिळाली, सीरमसाठी वर्ध्याला पाठवलं, रात्री साडेदहाला दोन्ही झालं. पोरगं रडलं नाही, मीच घाबरलो होतो. नर्सताईंनी तारखा लिहून कार्ड दिलं, आता भिंतीवर दोन कार्डं लटकून आहेत, एक पोराचं एक बोंड्याचं.

आज त्याला दुपट्ट्यात घेऊन गावात एक चक्कर मारली. तेच शेजारचे काका म्हणे, कुत्रं आहे का जावई. आजी आतापर्यंत शिवत नव्हती, आज अंडं कुस्करताना मला म्हणे तुला जमत नाही, आण इकडं.

शुक्रवारी लस आणायला थर्मास लागेल, घरात एकच आहे, आजीच्या चहाचा. तिला अजून सांगितलं नाही.