छोट्या घरात गिनी पिग म्हणजे छळच का? (थोडं चिडून लिहितेय)

कडीपत्ता:
परवा एका ग्रुपवर रानवारा यांनी लिहिलं, "ज्याला साडेदहा चौरस फूट जमीन कायमची सोडता येत नाही त्याने गिनी पिग आणूच नयेत, वन बीएचकेवाल्यांनी मासे पाळावेत." तिथे उत्तर दिलं तर माझी कमेंटच उडवली, म्हणून इथे.

आमचं घर भांडुपला, ३४० चौरस फूट कार्पेट, माणसं चार आणि गिनी पिग (नावात पिग असला तरी उंदराच्या कुळातला छोटा पाळीव प्राणी) दोन, दोघीही माद्या. त्यांची जागा हॉलमधल्या दिवाणाखाली. सहा बाय तीनचा दिवाण म्हणजे खाली १८ फूट जमीन आयती पडलेली असते, आणि तिथे आधी काय होतं? सासूबाईंची पितळी भांडी, बंद पडलेला मिक्सर आणि सुटकेसच्या पोटात सुटकेस. ते सगळं काढलं (त्यावर आठवडाभर अबोला झाला तो वेगळा विषय), दिवाणाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून १५ इंच उंची मिळवली, पाच बाय अडीचचा सनपॅकचा ट्रे केला, कडेने जाळीचे पॅनेल केबल टायने बांधले, खाली बाळांची ड्राय शीट आणि वर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कापड). साडेबारा फूट झाले. पुढची बाजू उघडते, संध्याकाळी स्वैपाक होईपर्यंत दोघी हॉलभर हुंदडतात आणि कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली की शेजारच्या विंगपर्यंत शिट्ट्या ऐकू जातात. यात छळ कुठे आहे ते सांगा. आणि घराचा आकार बघून कुणी काय पाळावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

रानवारा:
कमेंट मी उडवली नाही, अ‍ॅडमिनने उडवली. तुमचे साडेबारा फूट झाले म्हणजे माझ्या अटीत तुम्ही बसता, मग अंगावर कशाला ओढून घेताय? माझा राग दुकानात मिळणारा दोन फुटी पिंजरा आणणाऱ्यांवर आहे. वर दुकानदार सांगतो "दुमजली आहे, जागाच जागा". अहो तो उंदीर-हॅमस्टरसाठी! गिनी पिग चढणारा प्राणी नाही, त्याला लागते सपाट जमीन. दोघांना साडेसात फूट हे अगदी कमीत कमी, साडेदहा बरं. तळाला नुसती जाळी असेल तर पायांना जखमा होतात त्या वेगळ्याच. दिवाण तुमचा धन्य आहे, पण शंभरातल्या किती जणांकडे ठोकळे घालण्याइतका उत्साह असतो?

पावशेर:
फुटाला रेट २५ हजार धरला तरी साडेदहा फुटांचे २ लाख ६२ हजार ५०० होतात. आमच्या चिरंजीवांना अजून स्वतःची खोली नाही आणि डुकरांना अडीच लाखांची प्रॉपर्टी 😂 स्टॅम्प ड्युटी पण भरायची का?

जुना_चाळकरी:
परळला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण वाढलो, पाहुणे आले की पुरुष मंडळी जिन्यात झोपायची. आमचा छळ कुणी फूटपट्टी घेऊन मोजला नाही. हल्लीच्या लोकांना उंदरांची जास्त काळजी.

ससुली:
काका, तुम्हाला गॅलरी होती, चौक होता, मैदान होतं, रात्री झोपायपुरतेच घरी येत होतात. दहा बाय बाराचं दार कुणी बाहेरून कडी लावून बंद करत नव्हतं ना? फरक तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

जुना_चाळकरी:
नळावरची भांडणं बघायला यायला हवं होतंत, मग कळलं असतं मोकळीक कशाला म्हणतात ते.

पिपेट:
जागेचा विषय निघालाच आहे तर. एम. फार्मला, म्हणजे औषधशास्त्र शिकताना, प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये गिनी पिग होते. अमेरिकन नियमात ३५० ग्रॅमच्या वरच्या जनावराला कमीत कमी १०१ चौरस इंच जागा, म्हणजे ए-फोर कागदाहून जेमतेम मोठी. कायदेशीर बरं का. तेव्हा "नियमात बसतं" हे उत्तर मला पुरत नाही. तिथले कोपऱ्यात गप्प बसून असायचे, मला वाटायचं जातच शांत आहे. नंतर बहिणीकडचे मोकळ्या जमिनीवर पाहिले तर पळता पळता अचानक हवेत उडी मारून अंग झटकतात! लॅबमध्ये हे एकदाही दिसलं नव्हतं. उडी मारायला आधी धाव घ्यावी लागते.

निवांत_कोथरूड:
एवढा काथ्याकूट कशाला, बाल्कनीत ठेवा की. हवा, ऊन, सगळं मिळतं. आमचे कंपाउंडमध्ये असायचे.

कडीपत्ता:
बंगलेवाले आले. अहो मुंबईची बाल्कनी मे महिन्यात दुपारी दोनला कशी असते माहीत आहे का? त्यांना घाम येत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की उष्माघाताने तासाभरात जीव जाऊ शकतो. आम्ही घरातसुद्धा बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवतो. आणि "असायचे" म्हणजे आता नाहीत का?

निवांत_कोथरूड:
मुंगसाने नेले. पण ते जागेमुळे नाही.

पावशेर:
😂😂 धागा संपला

ग्रिलमधून:
बाल्कनी म्हणाल तर आमची कबुतरांची आहे, आम्ही फक्त मेंटेनन्स भरतो. वरच्या मजल्यावरचे रोज ज्वारी टाकतात, ती आमच्या ग्रिलवर पडते, मग कबुतरं, मग घाण. गिनी पिग सोडा, तिथे टॉवेल वाळत घालता येत नाही. सासऱ्यांना फुप्फुसाचा त्रास झाला, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का.

दाणेवाला:
झालं सुरू. मुंबईची हवा, बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, ते काही नाही, दोष मुक्या पाखराचा. शंभर वर्षं माणसं दाणे टाकतायत.

ग्रिलमधून:
शंभर वर्षं टाकतायत म्हणून माझ्या ग्रिलवर टाकायचे? पुण्य तुमचं आणि खराटा माझा?

ठाणेपूर्व:
२०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तर लोकांनी ती फाडली, दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा असं हायकोर्टाने सांगितलेलं असताना. ज्या शहरात दाण्यांवरून दंगा होतो तिथे सोसायटीचा सेक्रेटरी वरच्या मजल्याला काय बोलणार? आमच्याकडे जाळी लावायचा ठराव झाला तर "एलिव्हेशन (इमारतीचं बाहेरून दिसणं) बिघडतं" म्हणून अडवला, आणि अडवणाऱ्याच्या स्वतःच्या बाल्कनीला स्लायडिंग काचा!

दाणेवाला:
त्याच बाल्कनीत कुंड्या ठेवून खालच्यांवर पाणी गाळणारे तुमच्यातलेच ना? जीवदयेचा धागा आहे आणि द्वेष बघा.

ससुली:
लोकहो, धागा गिनी पिगचा आहे. कबुतरांसाठी वेगळा काढा, तिथे निवांत डोकी फोडा.

राईनकाठी:
मी बासेलजवळ राहतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांपासून गिनी पिग एकटा पाळता येत नाही, कमीत कमी दोन हवेत. आपल्याकडे मात्र मुलाच्या वाढदिवसाला एकच आणतात, "जागा कमी आहे ना" म्हणून. फूट मोजण्याआधी ते बघा. मूळचा अँडीजमधला, कळपात राहणारा जीव, त्याला एकटं ठेवणं हा पहिला छळ. आणि आमचे फ्लॅटपण काही महाल नाहीत, गैरसमज नको.

वरणभात_लिंबू:
दोन आणा दोन आणा म्हणणाऱ्यांनी पुढचं पण सांगावं. आम्हाला दुकानदाराने "दोघी मुली" म्हणून दिल्या. सव्वादोन महिन्यांनी सकाळी बघतो तर पिंजऱ्यात पाच जीव, तीन पिल्लं, डोळे उघडे, अंगावर केस, पळतायत पण! डॉक्टर म्हणाले नर बाप आजच वेगळा करा, मादीला लगेच पुन्हा दिवस राहू शकतात, आणि पिल्लांतले नर तीन आठवड्यांचे झाले की तेही वेगळे. ४५० फुटांच्या घरात तीन पिंजरे. एक तर बाथरूमबाहेर वॉशिंग मशीनच्या शेजारी होता, नवरा अंघोळीला जाताना लांब टांग टाकून जायचा. पिल्लांना घरं मिळेपर्यंत माझं वजन उतरलं. तेव्हा कडीपत्ताताई, तुमचं साडेबारा फुटांचं गणित दोघींचं पटतं तोवरच खरं आहे. भांडल्या तर दुसरा दिवाण कुठून आणणार?

रानवारा:
नेमकं हेच मला म्हणायचं होतं. नरांची जोडी असेल तर हे होऊ शकतं, वयात आल्यावर काही जोड्या एकमेकांना रक्त येईपर्यंत चावतात. छोट्या घरात प्लॅन बी नसतो.

कडीपत्ता:
नेमकं हेच म्हणायचं होतं तर मासे कशाला मध्ये आणलेत? भांडल्या तर ट्रेला मधून जाळी घालून दोन भाग करता येतात, एकमेकींना बघू-हुंगू शकतात, वाटणीला सहा-सहा फूट येतात आणि संध्याकाळी आळीपाळीने हॉल. आदर्श नाही, मान्य. टू बीएचकेत सुद्धा दुसरी खोली डुकरांना कोण देतं ते दाखवा. माझ्या ओळखीत थ्री बीएचकेवाल्यांचा गिनी पिग शू रॅकवरच्या टोपलीत होता, सोफ्याचं कापड खराब होईल म्हणून. घर मोठं असून जमीन सोडायची तयारी नाही. त्यांना जाऊन सांगा की मासे पाळा.

आणि माझी खरी अडचण कुणी विचारलीच नाही. पिंजऱ्याला जागा होते हो, फ्लीस वाळत घालायला होत नाही. जुलैमध्ये दोन दिवसाआड धुतलेलं फ्लीस पंख्याखाली कुबट राहतं, ओल्यावर ठेवलं तर त्यांना बुरशी धरते, गवताचीही तीच गत. पावसाळ्यात घरातला स्टँड कुणाच्या कपड्यांचा यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढी दिवाणावरून झाली नाहीत.

रानवारा:
हे मात्र खरं, माझ्याकडे गच्ची आहे म्हणून लक्षात आलं नाही. बरं, सुधारून लिहितो, "ज्याची जमीन सोडायची तयारी नाही त्याने". वन बीएचके काढून टाकतो. खूश?

कडीपत्ता:
खूश नाही, पण चालेल.

जुना_चाळकरी:
त्यांना खायला काय घालता? नातीने हट्ट धरलाय.

ससुली:
अरे वा काका 😄 ताटात जास्तीत जास्त सुकं गवत, ते दिवसभर पुढ्यात हवंच, दात सतत वाढत असतात त्यांचे. दूर्वा-हरळी चालते, फवारणीची नको. लसूणघास मोठ्यांना रोज नको, कॅल्शियमने मूतखडा होतो. क जीवनसत्त्व आपल्यासारखंच अंगात तयार होत नाही म्हणून सिमला मिरची, कोथिंबीर. पण आधी जागा सांगा.

जुना_चाळकरी:
जागा आहे. मुलगा म्हणतो नाही, मी म्हणतो आहे, माझ्या पलंगाखाली. सनपॅक म्हणजे काय आणि कुठे मिळेल?

कडीपत्ता:
बोर्ड रंगवणाऱ्या, फ्लेक्सवाल्या दुकानात, काका. निवडणुकीचे बोर्ड असतात ना ते पोकळ प्लॅस्टिक. पाच एमएमचं मागा, आठ बाय चारची अख्खी शीट गळ्यात मारतील. उरलेला तुकडा टाकू नका, मला हवाय.

ग्रिलमधून:
कबुतरांची जाळी पण तोच लावून देतो का?